१८ सर्वोंच्या रोबोटसाठी मीन वेल एलआरएस-२००-५ घेतला, कसा आहे ते सांगतो

सहा पायांचा रोबोट, एका पायाला ३ असे १८ सर्वो (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या छोट्या मोटर), सगळे एमजी९९६आर मॉडेलचे. त्याच्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मीन वेल कंपनीचा एलआरएस-२००-५ पॉवर सप्लाय आणला, म्हणजे ५ व्होल्ट ४० अँपिअर. वस्तू एक नंबर आहे. पण जोडायचा कसा तेही वाचा, कारण सप्लाय कितीही चांगला असला तरी वायर बारीक असली की रोबोट लटपटतोच.

हिशोब असा की एमजी९९६आर पूर्ण अडकला तर ६ व्होल्टला साधारण अडीच अँपिअर खातो, गुणिले १८ म्हणजे ४५. सगळे काही एकदम अडकत नाहीत, चालताना एकेक सर्वो अर्धा ते एक अँपिअरमध्ये भागवतो, पण बसलेला रोबोट उठताना सहाही पाय एकदम जोर लावतात आणि तेव्हा करंट झटकन चढतो. व्होल्टेज कमी करणारं एलएम२५९६ चं छोटं मॉड्यूल इथे कामाचं नाही, त्याची हद्दच ३ अँपिअर.

त्याच रस्त्यावर पी१० एलईडी डिस्प्लेसाठीचे बिनब्रँडचे ५ व्होल्ट ४० अँपिअरवाले सप्लाय बरेच स्वस्तात मिळतात. मित्राकडे तसला एक आहे, नुसता चालू केला की मीटरवर ५.१, आणि रोबोट उठायला लागला की धाडकन ४.३, लगेच ईएसपी३२ (रोबोटचा कंट्रोलर बोर्ड) रीसेट आणि रोबोट परत खाली. लेबलवर दोघांच्याही ४० च लिहिलंय. मीन वेलवर तोच रोबोट तोच कोड, उठताना सप्लायच्या टर्मिनलवर व्होल्टेज जागचं हललं नाही. फॅन नाही त्यामुळे आवाज नाही, आणि ओव्हरलोड झालाच तर आउटपुट बंद करून थोड्या वेळाने स्वतःच परत येतो.

आता वायर. दीड स्क्वेअर एमएमची एक मीटर जाणारी आणि एक मीटर येणारी वायर धरली तर २० अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट वायरमध्येच जातो, मग सर्वोला काय उरणार! या सप्लायला प्लसचे ३ आणि मायनसचे ३ स्क्रू आहेत, ते तिन्ही वापरा. आम्ही तीन जोड्या काढल्या, एका जोडीवर ६ सर्वो, म्हणजे प्रत्येक वायरला एक तृतीयांश करंट आणि वायरमध्ये जाणारा व्होल्टेजही एक तृतीयांशच. मग मीटरचे प्रोब शेवटच्या पायाच्या सर्वोच्या कनेक्टरला लावून, रोबोट उभा असताना, बारीक स्क्रू ड्रायव्हरने टर्मिनलशेजारचा व्होल्टेज अ‍ॅडजस्ट करायचा पॉट (छोटा फिरवायचा स्क्रू) हळूहळू फिरवला. रेंज ४.५ ते ५.५ व्होल्ट आहे, आम्ही पार वर नेऊन ठेवलाय. एवढा करंट पीसीए९६८५ (सर्वोंना सिग्नल देणारा) बोर्डच्या बारक्या ट्रॅकमधून ओढू नका, बोर्डवरून फक्त सिग्नल घ्या, पॉवर वेगळी, ग्राउंड मात्र सगळ्यांचं एकच हवं. आणि कोडमध्ये सर्वो एकदम जागे न करता थोडं थांबत थांबत एकेक पाय उचला, फार फरक पडतो.

नावडलेलं पण सांगतो. ६ व्होल्ट मिळत नाही, आणि या सर्वोचा टॉर्क ४.८ व्होल्टला ९.४ किलो सेमी तर ६ ला ११, म्हणजे थोडी ताकद सुटतेच. चालू-बंदचं बटण नाही, वायर नाही, २३० व्होल्टचे स्क्रू जवळजवळ उघडेच, घरात लहान मुलं असतील तर बॉक्समध्ये बसवा आणि अर्थिंग जोडाच. बाजूला ११५/२३० चा छोटा स्विच असतो, प्लग लावायच्या आधी तो २३० वर आहे ना बघा, नाहीतर सप्लाय गेलाच समजा. ३ वर्षांची वॉरंटी आहे तर पक्कं बिल मागून घ्या, रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.

पुढे बॅटरीवर न्यायचा असेल तर २एस लिपो (दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी) थेट सर्वोला लावू नका, फुल चार्ज असताना ती ८.४ व्होल्ट देते. मध्ये यूबीईसी (बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देणारं मॉड्यूल) टाका, आणि एकच मोठा शोधत बसण्यापेक्षा याच तीन जोड्यांना तीन वेगळे लावले तर वायरिंग परत करावं लागत नाही.