वीस रुपयांचा सुरक्षा विमा बिनपगारी इंटर्नशिपला किती पुरतो?

डिप्लोमाची मुलं एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये जायची वेळ आली किंवा डी. फार्म.ची मुलं ५०० तासांच्या प्रशिक्षणाला निघाली, की बरीच कॉलेजं सांगतात, ‘प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढा आणि पावती जोडा.’ पावती फायलीला लागते आणि विषय तिथेच मिटतो. हा विमा प्रत्येकाने काढावा, पण त्यावर विसंबून मुलाला प्रेस मशीनवर उभं करू नये.

मुळात ही वेळ का येते, तर बिनपगारी इंटर्नला बहुतेक वेळा दुसरं छत्र नसतं. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, पगारावर चालतो: कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. पगारच नाही तर वर्गणी कशातून कापणार? अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली करार नोंदवलेल्या मुलाला कामावर इजा झाली, तर कलम १६ प्रमाणे भरपाई मालकाच्या अंगावर येते. नुसत्या कॉलेजच्या पत्रावर गेलेला मुलगा अ‍ॅप्रेंटिस ठरत नाही.

आता विम्याकडे वळू. वर्षाला २० रुपये (मे २०२२ पर्यंत १२ होते), वय १८ ते ७०, बँकेत किंवा पोस्टात बचत खातं. अपघाती मृत्यूला २ लाख. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे गेले, किंवा एक डोळा आणि एक हात वा पाय गेला, तरी २ लाख. एकच डोळा, एकच हात किंवा एकच पाय गेला तर १ लाख. दुसरा विमा असला तरी ही रक्कम वेगळी मिळते. एवढ्या हप्त्यात एवढं कवच दुसरीकडे मिळणार नाही, आणि त्याबद्दल योजनेला पूर्ण गुण द्यायला हवेत.

गाडी अडते ती बोटांपाशी. वर्कशॉपमध्ये हात अख्खा जाण्यापेक्षा बोट जाण्याचीच भीती जास्त. प्रेसखाली तर्जनी मुळापासून तुटली, तर या विम्यातून एक रुपयाही मिळत नाही, कारण हाताचा वापर पूर्ण गेलेला नसतो. त्याच मशीनवरच्या पगारी कामगारासाठी कामगार भरपाईच्या कायदेशीर तक्त्यात तर्जनीला १४ टक्के आणि अंगठ्याला ३० टक्के कमाईची क्षमता गेली असं धरलेलं आहे. दवाखान्याचा खर्चही हा विमा देत नाही. टाके, प्लेट, फिजिओथेरपी, सगळं घरच्यांच्या खिशातून.

दुसरी अडचण वयाची. दहावीनंतर डिप्लोमाला आलेली बरीच मुलं दुसऱ्या वर्षी सतरा वर्षांचीच असतात. त्यांचा हा विमा निघूच शकत नाही. कॉलेजने सरसकट पावती मागताना हे ध्यानात घ्यायला हवं.

तारखांकडेही नीट बघा. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. मधेच काढला तर पैसे कटतील त्या दिवसापासून कवच सुरू होतं, संपतं मात्र ३१ मेलाच. उन्हाळी इंटर्नशिपसाठी मेच्या शेवटच्या आठवड्यात विमा काढला, तर लगेच नूतनीकरण येतं. तेव्हा खात्यात वीस रुपये नसले की कवच गेलं आणि मुलगा जून-जुलै विम्याविना मशीनवर. स्कॉलरशिपपुरत्या उघडलेल्या रिकाम्या खात्यांचं हेच होतं. शंभरेक रुपये ठेवा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुकात पैसे कटल्याची नोंद बघा. दोन बँकांतून काढल्याने रक्कम दुप्पट होत नाही. दावा एकच मिळतो, दुसरा हप्ता वाया. वारसाचं नाव मात्र फॉर्मवर भराच.

दावा बहुतेक वेळा कागदावर अडतो. अपघात झाला की मालक मुलाला जवळच्या खासगी दवाखान्यात नेतो, पट्टी होते, पोलिसांत नोंद होत नाही. पुढे दाव्याला एफआयआर किंवा पंचनामा लागतो आणि अपंगत्व असेल तर सिव्हिल सर्जनचा दाखला. म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांना एमएलसी (पोलिसांना कळवली जाणारी) नोंद करायला सांगावं आणि केसपेपरवर कुठल्या कारखान्यात, कुठल्या मशीनवर, किती वाजता इजा झाली ते लिहून घ्यावं. इंटर्नशिपचं पत्र आणि त्या दिवसाच्या हजेरीची झेरॉक्स जवळ ठेवावी. फॉर्म बँकेच्या त्याच शाखेत, शक्यतो ३० दिवसांच्या आत. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.

मग बोटांचं आणि दवाखान्याचं काय? त्यासाठी वैयक्तिक अपघात पॉलिसीच हवी. विमा नियामकाने ठरवून दिलेली ‘सरल सुरक्षा बीमा’ ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून मिळते, किमान रक्कम अडीच लाख. तिच्यात अंशतः कायमच्या अपंगत्वालाही टक्केवारीने पैसे मिळतात. पालकाने काढली तर २५ वर्षांपर्यंतची अवलंबून असलेली मुलं तिच्यात घेता येतात, म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाचाही प्रश्न सुटतो. अपघातातल्या हॉस्पिटल खर्चाचं कवच जादा हप्ता देऊन घ्यावं लागतं, ते घ्याच. प्रस्तावावर नुसतं ‘विद्यार्थी’ न लिहिता ‘कारखान्यात मशीनवर प्रशिक्षण’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर धोका लपवला म्हणून दावा नाकारायला जागा राहते.

कॉलेजने गट अपघात पॉलिसी घेतलेली असेल तर तिची प्रत मागा आणि तीन गोष्टी वाचा: आवाराबाहेरचं औद्योगिक प्रशिक्षण धरलं आहे का, बोटांचा तक्ता आहे का, वैद्यकीय खर्च किती. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्या आणि इंटर्नशिपच्या तारखांचं वाढीव कवच कंपनीकडून लेखी हातात आल्यावरच मुलाला रुजू करा.