5,72,300 रुपयांना मला थर्मोकपल, म्हणजे नुसतं तापमान मोजायचं साधन, विकलं. रस (वितळलेलं ॲल्युमिनियम) तपासायचं मशीन म्हणून

कोल्हापूरकडे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठेही ॲल्युमिनियम ओतत असाल तर हे वाचाच. 'प्रोब बुडवा, दहा सेकंदांत रसातला हायड्रोजन आणि ऑक्साइड स्क्रीनवर' असं सांगत एक माणूस फिरतोय. राखाडी पेटी, दोन डिस्प्ले, लांब प्रोब. 4,85,000 अधिक 18 टक्के जीएसटी. प्रोबची टोकं वेगळी, 37,000 ची.

पावसाळ्यात आपल्याकडे काय होतं ते मी सांगायला नको. इंगट (धातूच्या विटा) ओले, फ्लक्स (रस साफ करायची पावडर) दमट, त्या पाण्यातून हायड्रोजन रसात शिरतो आणि ऑक्साइडही तयार होतं. रस घट्ट होताना हा गॅस बाहेर पडायला बघतो, कारण पातळ ॲल्युमिनियम 100 ग्रॅमला साधारण 0.7 मिली हायड्रोजन धरतं, घट्ट झालेलं जेमतेम त्याच्या विसावा हिस्सा. मग पिनहोल, म्हणजे कास्टिंगमध्ये बारीक भोकं. स्पेक्ट्रोमीटर सिलिकॉन, लोह, मॅग्नेशियम सांगतो, हे सांगत नाही. एलएम25 या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या बॉडी लीक टेस्टला फेल होत होत्या आणि कस्टमर रोज फोन करत होता. अशा वेळी ओतण्याआधीच आकडा दाखवणारं काही समोर आलं तर कुणीही घेईल.

डेमो माझ्याच भट्टीवर झाला. डीगॅसिंगच्या (रसातला गॅस काढायच्या) आधी वरच्या डिस्प्लेवर तापमान 742, खाली हायड्रोजन 0.28. नायट्रोजन मारल्यावर वर 713, खाली 0.13. आमचे जुने मेल्टर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते तेव्हाच बोलले, "मालक, टेंपरेचर उतरलं की खालचा आकडा उतरतोय." तो माणूस हसून म्हणाला, "मामा बरोबर बोलतायत साहेब, गरम रसात गॅस जास्तच राहतो."

हे अर्धं खरं होतं, आणि तिथेच घात झाला. गरम रस जास्त गॅस *धरू शकतो*. प्रत्यक्षात *किती आहे* ही वेगळी गोष्ट. त्याच तापमानाला एक रस डीगॅस केलेला आणि एक न केलेला ठेवून दाखव, एवढंच म्हणायला हवं होतं. पण डीगॅसिंगने तापमान उतरतंच, आणि त्याने नेमकं तेच पुढे करून डेमो बसवला होता. धातूशास्त्र शिकलेला माणूसही तिथे मान डोलावून गेला असता. मामांचं ते वाक्य मात्र आजही डोक्यातून जात नाही.

पुढे मशीन रोज 0.12, 0.13 दाखवत राहिलं आणि आम्ही ओतत राहिलो. कस्टमरची 3,12,480 ची डेबिट नोट आली. मग बाहेरून रिड्यूस्ड प्रेशर टेस्ट करून घेतली: हवेत घट्ट झालेल्या नमुन्याची घनता 2.65, व्हॅक्यूममधल्याची 2.43. डेन्सिटी इंडेक्स, म्हणजे या दोन घनतांमधला फरक, आठ टक्क्यांच्या वर. नमुना कापला तर आतून जाळीदार. त्या संध्याकाळी मी प्रोब रिकाम्या, तापलेल्या क्रुसिबलमध्ये (रस वितळवायच्या भांड्यात) धरला. रसाचा थेंब नाही, आणि खाली 0.21 हायड्रोजन! पेटी उघडली: साधं के-टाइप थर्मोकपल, एक कंट्रोलर, आणि तापमानावरूनच दुसरा आकडा काढणारं कार्ड. मशीन, टोकं आणि डेबिट नोट मिळून 9,21,780; त्यातले मी राखून ठेवलेले 48,500 सोडले तर 8,73,280 रुपये गेले.

पोलीस म्हणाले, "माल मिळाला ना? बिल आहे ना? मग हा दिवाणी वाद." पेटी उघडून दाखवतो म्हटलं तर टेबलावर ठेवू दिली नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तिथेही तेच. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेल्या मशीनला तुम्ही कायद्याने ग्राहकच नाही. लघुउद्योगांच्या सरकारी पोर्टलवर दाद मागता येते ती पैसे थकलेल्या *विक्रेत्याला*. फसलेल्या खरेदीदाराला तिथे रकाना नाही. उलट राखून ठेवलेल्या 48,500 साठी त्यानेच मला लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत देण्याच्या नियमाची नोटीस पाठवली! जो चोर त्याच्या हातात कायदा, आणि मी जीएसटी, ईएसआय, वीजबिल वेळेवर भरणारा, मला प्रत्येक टेबलावर "हे आमच्याकडे येत नाही". खोटं मापयंत्र विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 कशासाठी लिहिलंय?

ठाण्यात घेतलं नाही तर तक्रार लेखी, स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा; तरी हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. मी तो केलाय.

डेमो त्याच्या वेळेला नाही, तुमच्या वेळेला घ्या. प्रोब रिकाम्या गरम भट्टीत धरायला लावा. तापमान तेच ठेवून एक रस डीगॅस केलेला आणि एक न केलेला मोजायला लावा आणि आकडा हलतो का बघा. सोबत के-मोल्डची (रस तपासायच्या साच्याची) पट्टी ओतून तिथल्या तिथे फोडा. ऑक्साइड मोडलेल्या तोंडावर डोळ्यांना दिसतं. ॲडव्हान्स अजिबात नको. मी 2,86,150 आधी दिले तिथेच माझा हात अडकला. आणि मेल्टर काही बोलला तर विक्रेत्याला उत्तर देऊ देऊ नका, मेल्टरला पुढे बोलू द्या.

सध्या तो हीच पेटी निळ्या रंगात, वेगळ्या फर्मच्या बिलावर विकतोय. इचलकरंजीच्या एका ओळखीच्या फाउंड्रीत कालच कोटेशन आलंय, 5,25,000 चं. प्रोबचं हँडल तेच आहे, डाव्या बाजूला दोन स्क्रू आणि लाल स्विच.