क्लेमेंटाइनच्या जाती घरी वाढवताना: ‘बिनबियांचं’ लेबल आणि जोडीचं झाड

क्लेमेंटाइन म्हणजे सोपी साल असलेलं लहान संत्रं. लेबलवर ठळक ‘बिनबियांचं’, आणि सोललेल्या फळात पाकळीगणिक बी. क्लेमेनुलेस या जातीला मी आधी दिलेला साडेचारचा गुण तिथेच दोनवर आणला होता. त्यात रोपवाटिकेचा ठरलेला सल्ला: ‘फळं भरपूर हवीत ना, मग दुसऱ्या जातीचं क्लेमेंटाइनही न्या, जोडी लागते.’ दुसरी कुंडी, दुसरी माती, दुसरं खत. हा खर्च आधी थांबवा, मग जातींचं बोलू.

क्लेमेंटाइनला स्वतःचा पराग चालत नाही, हे खरं. पण फिना ही मूळ जात. क्लेमेनुलेस (स्पेनमधल्या नुलेस गावात 1953 साली सापडलेली), ओरोव्हाल, हर्नांदिना या तिच्याच एखाद्या फांदीत आपोआप झालेल्या बदलातून निघालेल्या, आणि मारिसोल ओरोव्हालमधून. पाटी निराळी असली तरी परागाच्या हिशोबात हे सगळं एकच झाड. त्यामुळे दोन क्लेमेंटाइन शेजारी ठेवून ना फळं वाढतात, ना बिया येतात. बिया येतात त्या लिंबू, टँजेलो (संत्र्याचा एक संकर) किंवा दुसऱ्या बियाळ संत्र्याचा पराग मधमाश्यांनी आणला की. सात्सुमा आणि नेव्हल ही संत्री मात्र शेजारी खुशाल ठेवा, त्यांचा पराग जवळजवळ निकामीच असतो.

म्हणजे क्लेमेनुलेसचे कापलेले गुण परत द्यावे लागतात. बिया शेजारच्या झाडाच्या कृपेने. लेबलचे मात्र कापलेलेच राहतील. ‘एकटं असेल तर बिनबियांचं’ एवढं छापायला कितीशी शाई लागते?

बिया नकोच असतील तर कळ्या पांढऱ्या फुगल्या की उघडण्याआधी झाडावर बारीक जाळी टाका, खाली खोडाशी बांधा आणि पाकळ्या गळताच काढा. जुनी मच्छरदाणी पुरते, नवी विकत घेऊ नका. पण परागीकरण पूर्ण थांबलं की क्लेमेंटाइन फळ कमी धरतं. व्यावसायिक बागेत त्यासाठी फुलोऱ्यात जिबरेलिक आम्ल हे वाढीचं संप्रेरक फवारतात. कुंडीतल्या एका झाडासाठी ती उठाठेव कशाला? सावकाश बिया थुंकत खाल्लेलं परवडतं. आणि त्या बिया रुजवूही नका: क्लेमेंटाइनचं बियांपासूनचं रोप आईसारखं निघत नाही, फळाला वर्षानुवर्षं थांबायचं आणि तोवर काटे मोजायचे.

आता जाती. चवीला फिनाच पहिली. वास, गोडी, आंबटपणा सगळं जमलेलं, पण फळ बारीक. क्लेमेनुलेसचं फळ मोठं, साल सोपी, झाड पसरट. एकच कुंडी ठेवायची असेल तर हीच. मारिसोल सगळ्यांत आधी येते, म्हणून मोह होतो. पण आंबटपणा उरतो आणि तोडायला उशीर केला की साल फुगून आतलं फळ सुटं होतं. ओरोव्हालचीही हीच खोड, वर साल खडबडीत. हर्नांदिना उशिराची, झाडावर बरीच टिकते. तिचं बूड मात्र पिकल्यावरही हिरवट राहतं, म्हणून कच्चं समजून फेकू नका. तसं रंगावर कोणत्याच जातीत जाऊ नये. रात्री पुरेशा गार झाल्या नाहीत तर साल हिरवी राहते आणि आत फळ गोड झालेलं असतं. एक तोडून चाखा.

लेबलवरची दुसरी चोरी म्हणजे खुंटाचं, म्हणजे ज्या झाडाच्या बुंध्यावर कलम बांधलंय त्याचं, नाव नसणं. त्रिदल संत्र्याच्या खुंटावरचं कलम आटोपशीर राहतं आणि थंडी सोसतं, पण चुनखडीची माती किंवा जड पाणी मिळालं की केवडा पडतो: कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. तिथे ईडीडीएचए रूपातलं चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल असं बांधलेलं) द्या. स्वस्त मिळतं ते ईडीटीएचं. सामू (पीएच) चढलेल्या मातीत ते टिकत नाही, म्हणजे शेवटी तेच महाग पडतं. जुन्या पानांवर देठाकडे हिरवा त्रिकोण उरून कडा पिवळ्या होत असतील तर लोह नको, मॅग्नेशियम हवं. नाव छापलेलं नसलं तरी कलमाच्या जोडाखालून तीन पानांचा फुटवा आला की खुंट त्रिदल किंवा त्याच्या संकराचा आहे हे कळतं. बघून झालं की तो मुळापासून ओरबाडून काढा. नुसता कापला तर पुन्हा येतो.

कुंडी 40 ते 50 लिटरची, जोड मातीच्या वर. वरची 5 सेंटिमीटर माती सुकली की तळातून निघेपर्यंत पाणी. रोज थोडं थोडं शिंपडलं की मुळं कुजतात आणि खोडावर डिंक्या (डिंक पाझरण्याचा रोग) येतो. नव्या पालवीवर नागअळीच्या वेड्यावाकड्या रेघा दिसतील. मोठ्या झाडाला त्याने फारसं बिघडत नाही, लहान रोपाला पालवी फुटतानाच निंबोळी तेल मारा.

फळं गोटीएवढी झाली की घोसात एकच ठेवा, नाहीतर झाड पुढच्या वर्षी रुसतं. आणि तोडताना ओढू नका. देठाशी साल फाटते आणि असं फळ चार दिवसही टिकत नाही, कात्री लावा.