नमुना आठ अडला, नाली तुंबली: सेवा हक्काचे अपील की लोकायुक्त?

यवतमाळकडच्या एका गावातील वाचकाच्या दोन तक्रारी आहेत: ग्रामपंचायत घराचा नमुना आठचा उतारा (कर आकारणीच्या नोंदवहीतील घराची नोंद) देत नाही आणि दारासमोरची नाली पावसाळ्यापासून उपसलेली नाही. दोन्हींसाठी थेट लोकायुक्तांकडे जावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

उताऱ्यासाठी २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याचा मार्ग जवळचा आहे. ही सेवा अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेली असल्याने तिला मुदत ठरलेली असते. ती टळली किंवा अर्ज फेटाळला गेला, तर ३० दिवसांत पहिले अपील, मग दुसरे आणि शेवटी सेवा हक्क आयोगाकडे तिसरे करता येते. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि तालुक्याच्या कचेरीत त्याचीच धास्ती असते. मात्र अर्जाची पोच हवीच. तोंडी मागणीवर अपील उभे राहत नाही.

लोकायुक्तांची व्यवस्था १९७१ च्या कायद्याने आली. कार्यालय मुंबईत असले तरी तक्रार टपालाने पाठवता येते आणि वकील लागत नाही. विलंब, दुर्लक्ष, पक्षपात अशा गैरकारभाराची येथे चौकशी होते. पण निष्पन्न होते ती शिफारस, आदेश नव्हे. गटविकास अधिकाऱ्यांकडे आधी लेखी तक्रार केलेली असेल, तर येथील अर्जाला वजन येते.

म्हणून उताऱ्यासाठी अपील करावे. नाली उपसणे अधिसूचित सेवांत सहसा बसत नाही. तेथे पंचायत समितीही गप्प राहिली, तर लोकायुक्तांकडे जावे.