घराला पोळं लागलंय: जाळायचं, फवारायचं, हलवायचं की राहू द्यायचं?

पाऊस सरला की बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात पाण्याच्या टाकीखाली नाहीतर गॅलरीच्या छताला पोळं लोंबायला लागतं आणि घरात रॉकेलचा डबा शोधला जातो. आधी माशी कुठली ते बघा.

उघड्यावर सुपाएवढं किंवा मोठं एकच पोळं असेल तर ती आग्या. भिंतीच्या फटीत, मीटरच्या पेटीत, ढोलीत एकाशेजारी एक अशी बरीच पोळी असतील तर सातेरी. कुंपणाच्या डहाळीला तळहाताएवढं असेल तर फुलोरी. करड्या कागदासारखं, मध नसलेलं घर गांधीलमाशीचं. ती पिकावरच्या अळ्या उचलून नेते, त्यामुळे ते हाताच्या टप्प्यात नसेल तर तिकडे बघूही नका. मध काढणारा कन्नड बोलणारा असेल तर फोनवर आग्याला ‘हेज्जेनू’ आणि सातेरीला ‘तुडुवे’ म्हणा. काय सामान आणायचं ते त्याला लगेच कळतं.

जाळणं स्वस्त वाटतं, पण काम अर्धवटच राहतं. राणी आणि अळ्या जळतात, उडालेल्या माश्या मात्र दुसऱ्या दिवशी त्याच जागी घोळका करतात, तेही चिडून. रात्री पेटवलं तर त्या शेजाऱ्यांच्या ट्यूबलाइटवर जातात.

झुरळांचा फवारा भिंतीतल्या सातेरीवर मारणं त्याहून वाईट. माश्या मेल्या की पोळ्याला वारा घालणारं कुणी उरत नाही, उन्हानं मेण मऊ पडतं, मध भिंतीत झिरपतो, मागून मुंग्या आणि मेणकिडा येतो. तो विषारी मध दुसऱ्या मोहोळाच्या माश्या लुटून नेतात. माणसांनी तर तो चाटूही नये.

हलवणं सातेरीला उत्तम, कारण ती लाकडी पेटीत राहते. जाणकार माणूस अळ्यांची पोळी कापून, वरची बाजू वरच ठेवून, चौकटीत केळीच्या सोपानं बांधतो. मधाची पोळी वेगळी काढतो. ती जड असतात, बांधली तर तुटून राणी चिरडते. राणी पेटीत गेली की बाकीच्या मागोमाग येतात. अंधार पडल्यावर दाराला जाळी लावून पेटी 2-3 किलोमीटर लांब न्यायची. परसातच ठेवली तर कामकरी माश्या पुन्हा जुन्या फटीवर जमतात. फटीतलं मेण खरवडून ती सिमेंटनं बुजवा, नाहीतर वासानं नवा थवा येतो. मजुरीत मध द्यायचा की नाही यावर घासाघीस होते. जैन घरांत मधच चालत नाही, तिथं तो सगळा काढणाऱ्याचा.

फुलोरी अडचणीच्या जागी असेल तर रात्री डहाळीसकट कापून जवळच, तेवढ्याच उंचीवर बांधा.

आग्या पेटीत राहत नाही, म्हणून तिच्याबाबतीत खरा पर्याय थांबण्याचा. ती हंगामी पाहुणी आहे. फुलोरा संपला की पावसाळ्याआधी निघून जाते. पोळं दोन मजले उंच आणि ये-जा नसलेल्या बाजूला असेल तर राहू द्या. परसातल्या दोडक्या-काकडीला फळ धरायला माशी लागतेच. संध्याकाळी त्या बाजूचे दिवे बंद, खिडक्यांना पडदे. वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळे ठिपके दिसले तर तो रोग नव्हे, माश्यांची विष्ठा. दोरी दुसरीकडे बांधा. खाली कचरा पेटवू नका.

शाळेच्या दारावर, जिन्यात, किंवा डंखानं आधी धाप लागलेलं माणूस घरात असेल तर मात्र थांबू नका. संरक्षक पोशाख असलेल्यालाच बोलवा. पोळ्याजवळ पिकल्या केळ्यासारखा वास आला तर तो माश्यांचा इशारा असतो. तोंड झाकून सरळ पळा आणि बंद खोलीत शिरा. विहिरीत उडी नको, त्या वर घिरट्या घालत राहतात. काटा नखानं लगेच काढा. ओठ सुजले किंवा श्वास अडला तर थेट दवाखाना गाठा.