खडी क्रशरच्या रिटर्न साइडला ट्रॅकर कोणता: आर्मवाला की बंद पिव्हटचा?

क्रशरचा कन्व्हेयर बेल्ट आउट चालतो, म्हणजे मध्य सोडून एका बाजूला सरकतो, टेलखाली (बेल्टच्या मागच्या टोकाच्या पुलीखाली) डस्टचा, म्हणजे दगडाच्या भुकटीचा ढीग साचतो आणि शेवटी ट्रॅकर, म्हणजे बेल्टला आपोआप मध्यावर आणणारा सेल्फ-अलाइनिंग रोलर घ्यायचं ठरतं. समोर दोन प्रकार येतात. एकात फिरती फ्रेम आणि दोन्ही टोकांना आर्मवर उभे गाइड रोलर. दुसऱ्यात रबर चढवलेला एकच जाड रोलर, पिव्हट (ज्यावर तो डावी-उजवीकडे वळतो तो सांधा) त्याच्या पोटात सील केलेला. मी दोन्ही चालवलेत.

आर्मवाला स्वस्त पडतो. पिव्हटची पिन-बुश झिजली तर जवळच्या लेथवर नवी करून मिळते, हा त्याचा मोठा गुण. बसवताना आर्म येणाऱ्या बेल्टकडे हवेत. उलटे बसले तर बेल्ट आणखी बाहेर जातो, आणि ही चूक बऱ्याच ठिकाणी दिसते.

माझं मत ठरलं ते पिव्हटवर. रिटर्नला, म्हणजे बेल्ट खालून रिकामा परत येतो तिथे, त्याची मळकी बाजू खाली असते. पावसाळ्यात ओली डस्ट पिव्हटच्या फटीत शिरते आणि वाळली की दगडासारखी बसते. फ्रेम शेवटची जिकडे वळली, तिकडेच अडकते. मग सरळ करायला लावलेला रोलरच बेल्टला सतत एका बाजूला लोटतो. गाइड रोलर कड सोलतो, आतलं कापड दिसायला लागतं, आणि शेवटी कुणीतरी फ्रेम तारेने बांधून टाकतो. तपासायचं तर मेन स्विच बंद करून कुलूप लावा, बेल्ट जरा उचलून धरा आणि फ्रेम हाताने ढकला. पहार लागली तर पिव्हट जाम आहे.

बंद पिव्हटच्या रोलरला बेल्टची कड लागतच नाही. बेल्ट ज्या बाजूला सरकतो, रोलरचं ते टोक चालीच्या दिशेने पुढे जातं आणि बेल्ट परत मध्याकडे वळतो. किंमत बरीच जास्त, आतलं बेअरिंग गेलं तर बहुधा अख्खा रोलर बदलावा लागतो. शिवाय बेल्ट ढिला असेल तर पकड मिळत नाही. म्हणून तो शेजारच्या रिटर्न रोलरपेक्षा १२ ते २० मिमी बेल्टच्या बाजूला सरकवून बसवावा, टेल पुलीच्या साधारण सहा-सात मीटर आधी. हेडचा, म्हणजे माल पडतो त्या पुढच्या टोकाचा स्क्रॅपर (बेल्ट खरवडून साफ करणारी पट्टी) नीट हवाच. रोलरवर थर चढला की कोणताही ट्रॅकर बिघडतो.

सांडणारा माल मात्र ट्रॅकर एकटा थांबवत नाही. हॉपरमधून खडी उजवीकडे जास्त पडत असेल तर बेल्ट डावीकडे पळणार. आधी च्यूटमध्ये (माल बेल्टवर सोडणाऱ्या घसरणीत) पट्टी लावून माल मध्यावर आणा. ६५० मिमी बेल्टला दोन स्कर्टमधलं (माल पडतो तिथे दोन्ही बाजूंना लावलेल्या रबर पट्ट्यांमधलं) अंतर ४३० मिमीच्या आसपास ठेवा, पुढे किंचित रुंद होत जाणारं, म्हणजे खडी अडकत नाही. जुन्या बेल्टच्या पट्ट्या स्कर्ट म्हणून लावू नका. त्यांच्या कापडात खडीचे कण रुततात आणि चालू बेल्टवर लांबच लांब चर पाडतात. मऊ स्कर्ट रबर, तेही नुसतं टेकेल इतकंच.

आणि आउट जाण्याची जागा बघा. एकाच ठिकाणी जात असेल तर तिथले आयडलर (बेल्टखालचे रोलर) किंवा स्ट्रक्चर तपासा. बेल्टचा ठरावीक तुकडा सगळीकडे आउट जात असेल तर बहुधा बेल्टचा जॉइंट काटकोनात नाही, तिथे ट्रॅकरवर पैसे घालू नयेत.

शेडमधल्या कोरड्या मालाला आर्मवाला पुरतो. उघड्यावरच्या डस्टच्या बेल्टला मी बंद पिव्हटचाच घेईन, निदान पहिला पावसाळा यायच्या आत.