लिब्रेऑफिस रायटरमध्ये मराठी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

घरी लिनक्सचा लॅपटॉप, कामाच्या ठिकाणी विंडोज, आणि दोन्हीकडे एकच मराठी आत्मकथन. गेले आठ महिने त्याचं सगळं संपादन मी लिब्रेऑफिस रायटर या मोफत लेखन-प्रोग्राममध्ये करते आहे.

पहिली प्रत छापखान्यात पाठवली तेव्हा पोटात गोळा आला. माझ्याकडची २१० पानं तिथल्या संगणकावर २२२ झाली होती. मजकूर शाबूत होता, पण मी वापरलेला नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट तिथे नव्हता आणि त्याच्या जागी मंगल हा दुसरा फॉन्ट आला होता. देवनागरीत रफार-वेलांट्या वर जातात, उकार खाली लोंबतात. त्यांच्यासाठी ओळीत किती जागा सोडायची हे प्रत्येक फॉन्ट आपलं आपण ठरवतो. फॉन्ट बदलला की पानं सरकलीच. रोमन लिपीत एरियल नसला तर त्याच मापाचा लिबरेशन सान्स कामी येतो. मंगलला असा जोडीदार मला तरी सापडलेला नाही. आता मी फाइलच्या गुणधर्मांत जाऊन फॉन्ट फाइलमध्येच भरून पाठवते. फाइल जड होते, होऊ दे. नोटोचा परवाना खुला असल्यामुळे तीही अडचण नाही.

जोडाक्षरांनी मात्र कुठेच दगा दिला नाही. २०१७च्या ५.३ आवृत्तीपासून रायटर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हे एकच इंजिन वापरतो. त्याआधी हे काम वेगवेगळ्या प्रणालींवर वेगवेगळी इंजिनं करत असत.

मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे: मजकुराची भाषा. आत्मकथनातल्या एका प्रकरणाचं नाव ‘शाळेतलं शेवटचं साल’. माझ्या पडद्यावर त्यातला ल उभ्या दांडीचा, हिंदी वळणाचा दिसत होता आणि श सुद्धा आपला नव्हता. मी फॉन्टला दोष देत बसले. खरं तर मजकुरावर हिंदी भाषा लागलेली होती. भाषांच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ (देवनागरीसारख्या लिप्यांचा रकाना) समोर मराठी निवडलं, आधीच्या मजकुरालाही तीच भाषा लावली, आणि त्याच फॉन्टमधून पाकळीचा ल आणि देठाचा श समोर आले. दोन्ही वळणं फॉन्टमध्ये असतात, कुठलं दाखवायचं ते भाषेवरून ठरतं. शुद्धलेखन तपासणीही हीच खूण बघते. हिंदी लागलेली असेल तर मराठी शब्दकोश कितीही चांगला असो, त्याला कुणी विचारतच नाही.

तपासणीमागे हनस्पेल हा शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम आहे. एका फाइलीत मूळ शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. मराठीसाठी हे अवघडच. घर, घराला, घरातल्या इथवर ठीक, पण ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ पकडायचं तर सामान्यरूपावर प्रत्ययांचे थर चढवावे लागतात. लाल रेघा भरपूर येतात; मी योग्य रूपं स्वतःच्या यादीत घालत गेले. ही यादी साधी मजकूर-फाइल असते, लिब्रेऑफिसच्या आपल्या सेटिंग्ज ठेवणाऱ्या प्रोफाइलमधल्या वर्डबुक फोल्डरमधून उचलून दुसऱ्या संगणकावर ठेवता येते.

एक रेघ मात्र दोन दिवस कळेना. ‘दऱ्या’ हा शब्द एका प्रकरणात बरोबर, दुसऱ्यात चूक, आणि दिसायला हुबेहूब. दुसऱ्या प्रकरणाच्या कळफलकाने नुक्त्याच्या ऱ ऐवजी साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक (झिरो-विड्थ जॉइनर) टाकला होता. तो जोडक नुसता काढून टाकून चालत नाही, दऱ्याचा दर्या होतो, डोंगरातून थेट समुद्रात! त्या तिन्हींच्या जागी ऱ आणि हलन्त असं ‘शोधा आणि बदला’ करून घेतलं तेव्हा रेघ गेली. शब्दकोशाच्या नियमफाइलीतच असा बदल लिहून ठेवायची सोय हनस्पेलमध्ये आहे, आणि मराठी शब्दकोश करणाऱ्या प्रत्येकाने ती वापरावी असं मला मनापासून वाटतं.

परवा सुधारलेली प्रत त्याच छापखान्यात, त्याच संगणकावर उघडली. २१० पानं.